प्रीअँपच्या ट्यूबा बदलायच्यात, तिन्ही १२एएक्स७च घेऊ की पहिल्या जागी दुसरी काही?

सहावी_तार

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय अंदाज येणार नाही म्हणून सांगतो.

माझ्याकडे १५ वॉटचा ट्यूब कॉम्बो आहे, वापरलेला घेतलाय. स्पीकर हलवणाऱ्या पॉवरच्या भागाला दोन ईएल८४, गिटारचा सिग्नल आधी मोठा करणाऱ्या प्रीअँपला तीन १२एएक्स७ (ही ट्यूबांच्या प्रकारांची नावं). गेन, बास, मिडल, ट्रेबल, मास्टर, बस एवढंच, रिव्हर्ब नाही आणि इफेक्ट्स लूपही नाही. गिटार सिंगल कॉइलची. अँपचा आवाज मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्यावर एवढा जीव टाकतोय.

आता तक्रारी. पहिली, मास्टर अर्ध्याच्या वर नेला की ठरावीक स्वरांवर, जास्त करून डी तारेवर सातव्या फ्रेटचा ए वाजवला की, मूळ आवाजाच्या मागे काचेवर नख मारल्यासारखी एक 'टिंऽऽ' अशी शेपटी येते. गिटारमधून येत नाहीये हे नक्की, दोन गिटारी लावून बघितल्या. दुसरी, चालू करून १५-२० मिनिटं झाली की मधूनमधून खरखर सुरू होते, वाळकी पानं चुरगळल्यासारखी, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी येते. तिसरी म्हणजे तक्रार म्हणू की इच्छा म्हणू माहीत नाही, गेन ३च्या पुढे गेला की क्लीन राहतच नाही, लगेच फाटायला लागतो. मला ड्रमरबरोबर वाजवताना जरा मोठा आणि तरी स्वच्छ आवाज पाहिजे.

एका ट्यूबवरचं नाव पुसलंय, बाकी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. माझा विचार होता की तिन्ही एकदम नव्या घ्याव्यात. पण वाचायला लागलो तर डोकं गरगरलं, कुणी म्हणतं पहिल्या जागी १२एटी७ लाव, कुणी म्हणतं १२एयू७ लाव, कुणी म्हणतं मुलार्ड कंपनीच्या जुन्या ट्यूबेशिवाय हातच लावू नको. ट्यूबा बदलल्यावर बायस (ट्यूबेतून किती करंट जावा ते ठरवणं) करावा लागतो का हेही कळत नाहीये. आणि मॅच्ड पेअर (मोजून सारख्या निवडलेल्या दोन ट्यूबा) वगैरे प्रीअँपला लागतं का? कृपया जाणकारांनी सांगा, घाई नाही, पण चुकीचं काही करून अँप बिघडवायचा नाहीये.

जुना_व्हॉल्व्ह

मित्रा, आधी खरेदी थांबव. तिन्ही ट्यूबा एकाच वेळी गेल्यात असं फार क्वचित होतं. प्रीअँपच्या ट्यूबेतून करंट जातोच किती, एकेका अर्ध्या भागातून साधारण १ मिलिअँपिअर, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालते. झिजतात त्या पॉवर ट्यूबा. तुझ्या तीन तक्रारी आहेत ना, तर तिन्हींची कारणं वेगवेगळी असण्याचीच शक्यता जास्त, आणि सगळ्यांवर एकच औषध म्हणून तीन ट्यूबा आणल्यास तर नक्की कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

जागा ओळखून घे. बहुतेक अँपमध्ये इनपुट जॅकच्या सगळ्यात जवळची ती व्ही१, मग व्ही२, आणि ईएल८४च्या शेजारची ती व्ही३ म्हणजे फेज इन्व्हर्टर (दोन ईएल८४ना एकमेकींच्या उलट सिग्नल देणारी). आत सर्किटचा कागद चिकटवलेला असला तर त्यावरून खात्री कर.

आता 'टिंऽऽ'बद्दल. तू जे वर्णन केलंस ते मायक्रोफोनिक ट्यूबेचं आहे. आतल्या ग्रिडची (करंट कमी-जास्त करणारी जाळी) तार किंवा प्लेटची (मोठा झालेला सिग्नल जिथून निघतो तो पत्रा) पकड सैल झाली की ट्यूब स्वतःच माइकसारखी वागते, स्पीकरचा हादरा तिच्यापर्यंत पोचतो, ती तो पुन्हा अँपमध्ये टाकते, तो पुन्हा स्पीकरमधून येतो, असं चक्र सुरू होतं. कॉम्बोत हे जास्त होतं कारण स्पीकर आणि ट्यूबा एकाच पेटीत. म्हणूनच तुला मास्टर वर नेल्यावरच ऐकू येतंय.

तपासायचं असं. अँप चालू, मास्टर मध्यावर, गिटार काढून टाक, आणि एका लाकडी काडीने प्रत्येक ट्यूबेच्या काचेवर हलकेच टिचकी मार. ट्यूबेवर पत्र्याची टोपी असेल तर ती अँप बंद असतानाच काढून ठेव. व्ही१वर थोडा 'टक' येणारच, कारण तिच्यापुढे सगळा अँप आवाज मोठा करायला बसलाय, त्याला घाबरू नको. 'टक' होऊन थांबला तर ठीक. 'टिंऽऽग' होऊन लांबत राहिला तर ती दोषी. बोट मात्र लावू नको, प्रीअँपच्या ट्यूबा कोमट-गरम असतात पण शेजारच्या ईएल८४ चांगल्या भाजतात.

मग अँप बंद करून दहाएक मिनिटं थंड होऊ दे आणि व्ही१ व व्ही३ एकमेकींच्या जागी लाव. दोष ट्यूबेबरोबर नव्या जागी गेला तर ट्यूब वाईट, दोष त्याच जागी राहिला तर ट्यूब निर्दोष आहे आणि सॉकेट किंवा रेझिस्टर बघायला पाहिजे. याला एक पैसाही लागत नाही. काढताना सरळ वर ओढ, हवं तर अगदी किंचित गोल हलवत, एका बाजूला वाकवून काढलीस तर पिनेपाशी काच तडकते. आणि हे सगळं करताना स्पीकरची वायर काढून अँप चालू करू नको, कधीच नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

बायस लागत नाही. या ट्यूबा कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) रेझिस्टरवर आपला आपणच बायस ठरवतात. बायसची भानगड पॉवर ट्यूबांची.

सोल्डर_फ्लक्स

थांबा थांबा, ट्यूबांची अदलाबदल करायच्या आधी हे वाचा. काकांनी सगळं बरोबर सांगितलंय पण तुमच्या अँपमध्ये ईएल८४ आहेत आणि ईएल८४ला पण ९ पिनाच असतात, अगदी १२एएक्स७सारख्याच. म्हणजे चुकीच्या सॉकेटमध्ये ती बिनबोभाट बसते, कुठे अडत नाही, जोर लावावा लागत नाही.

मी अँप दुरुस्त करते आणि असा एक माझ्याकडे आलेला. मालकाने स्वच्छता म्हणून पाचही ट्यूबा काढल्या, कपड्याने पुसल्या, अंधारात परत लावल्या, आणि चालू केल्यावर जळका वास. झालं काय होतं बघा, ईएल८४च्या सॉकेटमध्ये ९ नंबरच्या पिनेवर स्क्रीनचा (तिच्यातली दुसरी जाळी) व्होल्टेज असतो, ३०० व्होल्टच्या आसपास, आणि १२एएक्स७ची ९ नंबरची पिन म्हणजे तिच्या हीटरचा (कॅथोड तापवणारी तार) मधला टोक. म्हणजे ते ३०० व्होल्ट सरळ हीटरच्या वायरिंगमध्ये घुसले. हीटरची लाइन ग्राउंडला जोडणारे १०० ओहमचे दोन्ही रेझिस्टर काळे ठिक्कर, स्क्रीनचा रेझिस्टर फुटलेला. नशीब ट्रान्सफॉर्मर वाचला.

म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक ट्यूबेला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा, एका वेळी दोनच ट्यूबा बाहेर ठेवा. चिकटपट्टी चालू करायच्या आधी काढा.

अजून एक, काही अँपमध्ये प्रीअँपचे हीटर डीसीवर आणि सिरीजमध्ये असतात, त्यांच्यात एक ट्यूब काढली की बाकीच्या पण विझतात. तसं झालं तर घाबरू नका, पण मग 'ट्यूब काढून बघणे' (एकेक ट्यूब काढून खरखर कुठल्या जागेतून येते ते शोधणे) ही चाचणी त्या अँपवर होत नाही.

रोजचा_गिग

मी सरळ सांगतो, एवढं खोदत बसायची गरज नाही. तीन जेजे कंपनीच्या ईसीसी८३एस (१२एएक्स७च, युरोपियन नावाने) घ्या, लावा, वाजवा. मी दोन अँपमध्ये त्याच लावल्यात, आठवड्याला तीन-चार कार्यक्रम, अँप गाडीत आदळत-आपटत जातो, अजून तक्रार नाही. आवाज थोडा गोल आहे, ट्रेबल अंगावर येत नाही, सिंगल कॉइलला तर मस्तच. आणि जुन्या तीन ठेवा बॅगेत, कार्यक्रमात एखादी गेली तर त्या वेळी मुलार्ड की टेलिफुंकेन कुणी विचारत नाही, ट्यूब पाहिजे असते.

मॅच्ड पेअर प्रीअँपला लागत नाही. फेज इन्व्हर्टरला दोन्ही अर्धे सारखे असलेली 'बॅलन्स्ड' म्हणून विकतात, घेतलीत तर चांगलंच, नाही घेतली तर अँप चालायचा थांबत नाही.

लोडलाइन

गिगभाऊंचा सल्ला रस्त्यावरचा आणि खरा आहे, पण प्रश्नकर्त्याची तिसरी तक्रार त्याने सुटणार नाही. तीन ईसीसी८३ काढून तीन ईसीसी८३ लावल्या तर गेन तेवढाच राहणार. कारण १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच. अमेरिकन नावातले १२ म्हणजे हीटरचे १२.६ व्होल्ट (पिना वेगळ्या जोडल्या की तीच ६.३ वर पण चालते, गिटार अँपमध्ये बहुतेक तशीच असते), आणि युरोपियन नावातला ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे ट्रायोड, दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, ८ म्हणजे ही ९ पिनांची बैठक. एवढं कळलं की अर्धा गोंधळ संपतो. तसंच ईसीसी८१ म्हणजे १२एटी७ आणि ईसीसी८२ म्हणजे १२एयू७.

आता गेनचं. सगळीकडे छापलेलं असतं की १२एएक्स७चा फॅक्टर (ट्यूब सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकते तो आकडा) १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४४च्या आसपास, १२एयू७चा जेमतेम १७ ते २०. लोक हे टक्के समजून वाचतात आणि म्हणतात १२एटी७ लाव, गेन ४० टक्के उतरेल. तसं होत नाही. १०० हा ट्यूबेचा स्वतःचा आकडा, सर्किटमध्ये प्लेटवर १०० किलोओहमचा रेझिस्टर असताना १२एएक्स७ देते ६०च्या आसपास. त्याच जागी ५७५१ देईल ४४ वगैरे, १२एयू७ १४-१५.

आणि १२एटी७ला माझा विरोध का, तर ती ट्यूब मुळात १० मिलिअँपिअरवर चालायला बनवलीय, डेटाशीट उघडून बघा, २५० व्होल्टला १० मिलिअँपिअर. १२एएक्स७ त्याच २५० व्होल्टला १.२. तुमच्या अँपमधले रेझिस्टर १२एएक्स७ला धरून ठरवलेत, त्यात १२एटी७ बसवली की ती तिच्या आवडीच्या जागेपासून लांब, अगदी तळाच्या वाकड्या भागात चालते. गेन थोडा उतरतो पण आवाज कोरडा, कडक होतो. मला तरी तो कधी भावला नाही, काहींना आवडतो. तिची खरी जागा वेगळी, फेंडरच्या ब्लॅकफेस अँपमध्ये रिव्हर्बचा ट्रान्सफॉर्मर हलवायला आणि फेज इन्व्हर्टरला ती मुद्दाम घातलीय कारण तिथे करंट पाहिजे, आणि तिथे तिच्या जोगं सर्किट पण आहे. १२एयू७चीही तीच गत, व्ही१ला लावलीत तर अँप झोपल्यासारखा वाटेल.

माझं मत ५७५१. ती १२एएक्स७चीच धाकटी बहीण समजा, स्वभाव तोच, आवाज थोडा कमी, करंट जवळपास तेवढाच लागतो त्यामुळे रेझिस्टरशी भांडण नाही. तुमच्या व्ही१चे दोन्ही अर्धे एकामागोमाग गेन देत असतील (तीन नॉब टोनचे आणि वर मास्टर आहे म्हणजे बहुधा तसंच आहे) तर एका पायरीला पाऊणच्या जरा खाली, दुसरीला पुन्हा तेवढंच, दोन्ही मिळून गेन जवळपास निम्मा होतो. म्हणजे ३वर फाटणारा अँप तुम्हाला ५च्या पुढेपर्यंत साथ देईल. हीटरला ती ३०० ऐवजी ३५० मिलिअँपिअर घेते, एकच ट्यूब असल्यावर ट्रान्सफॉर्मरला ते जाणवणार पण नाही.

आणखी मऊ पाहिजे असेल तर १२एवाय७. फेंडरच्या जुन्या ट्वीड डीलक्सला, ५ई३ला, पहिल्या जागी मुळात तीच होती, ५एफ६-ए बासमनला पण. पुढे मार्शलने त्याच बासमनवरून जेटीएम४५ केला तेव्हा पहिल्या जागी ईसीसी८३ घातली आणि अँप लवकर फाटायला लागला, त्यातूनच तो आवाज जन्माला आला. एका ट्यूबेच्या जागेत केवढं असतं बघा.

व्ही२बद्दल सांभाळून. तुमच्या टोनच्या नॉबांआधी कॅथोड फॉलोअर (प्लेटऐवजी कॅथोडवरून सिग्नल घेणारी जोडणी) असण्याची बरीच शक्यता आहे, तिथे कॅथोड १५०-२०० व्होल्टवर बसलेला असतो आणि हीटर जवळपास शून्यावर. जुन्या डेटाशीटांत हीटर आणि कॅथोडमधला फरक १८० व्होल्टपर्यंतच ठेवा म्हणून सांगितलंय. जुन्या दणकट ट्यूबा सहन करायच्या, काही नव्या ट्यूबा मात्र तिथे काही महिन्यांत खरखरायला लागतात. तिथे ईसीसी८३एससारखी साधी मजबूत ट्यूबच ठेवा, महागडे प्रयोग नको.

सहावी_तार

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सोल्डर ताई तुमचं वाचून आधी फोटो काढले, चिकटपट्ट्या लावल्या, मगच हात लावला.

निकाल सांगतो. काडीने टिचकी मारली तर व्ही२ आणि व्ही३ला नुसता 'टक', आणि व्ही१ला अक्षरशः छोटी घंटा वाजली, दीड-दोन सेकंद लांबली. ही तीच नाव पुसलेली ट्यूब. बंद करून ती व्ही३ला टाकली आणि व्ही३ची व्ही१ला आणली. डी तारेवरचा ए वाजवला. शेपटी गायब! मास्टर पाऊणवर नेला तरी नाही. आणि घंटावाली ट्यूब फेज इन्व्हर्टरला गुपचूप काम करतेय, काडी मारली तर किंचित टिण, वाजवताना काही ऐकू येत नाही.

पण खरखर आहे तशीच. मग जुना_व्हॉल्व्ह काकांच्या पद्धतीने पुढे गेलो, व्ही१ काढून चालू केलं तर खरखर तशीच येते, व्ही२ पण काढली तर बंद. हीटर बाकीच्यांचे चालू होते म्हणजे सिरीजची भानगड नाही. मग व्ही२ला दुसरी ट्यूब लावली, १५ मिनिटांनी परत खरखर. म्हणजे जागाच खराब, बरोबर ना? सॉकेट साफ करायला घेऊ का, सुईने पकडी आवळतात असं एका ठिकाणी वाचलं.

आणि एक, जुन्या स्टॉकमधली मुलार्ड मिळतेय एका ठिकाणी, डब्यातली, व्ही१साठी घ्यावी का ५७५१च घेऊ?

सोल्डर_फ्लक्स

सुई नको! म्हणजे पकडी आवळायची पद्धत बरोबर आहे, आम्ही तेच करतो, पण सॉकेटच्या भोकातली पकड थेट प्लेटला जोडलेली असते आणि अँप बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरात चार्ज उरलेला असू शकतो. ट्यूब बाहेर काढलेली असली की तो चार्ज उतरायला वाट पण कमी राहते. हातात धातूची सुई धरून तिथे जायचं नाही. कपॅसिटर रिकामे करून, मीटर लावून शून्य बघून मगच.

तुम्ही घरी एवढंच करा. वायर भिंतीतून काढा, रात्रभर ठेवा, मग ट्यूबेच्या पिनांवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सॉकेटमध्ये ओतू नका, पिनांवर मारा, ट्यूब पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, पूर्ण वाळू द्या. पिनांवर काळपट थर असेल तर तो निघताना दिसेल.

तरी राहिली तर मला व्ही२च्या प्लेटचा रेझिस्टर वाटतोय. गरम झाल्यावरच सुरू होते आणि गिटार शून्यावर असताना पण येते, ही लक्षणं त्याचीच आहेत. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरमधून वर्षानुवर्षं डीसी वाहून वाहून आतून तो कुजतो, गरम झाला की खरखर करतो, आणि सगळे ट्यूबेला दोष देत राहतात. माझ्याकडे 'ट्यूबा तीनदा बदलल्या तरी जात नाही' म्हणून येणाऱ्या अँपमध्ये बऱ्याचदा हेच निघतं. १०० किलोओहमचा मेटल फिल्म लावला की काम झालं. पण ते चॅसी उघडायचं काम आहे, ते कुणाकडून तरी करून घ्या.

आता मुलार्डचं. जुन्या मुलार्ड खरंच सुंदर होत्या, इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला बनायच्या, मी त्या ऐकल्यात आणि नाकारणार नाही. पण आधी हे समजून घ्या की आज नव्या डब्यात जे मुलार्ड नाव मिळतं ते त्या कारखान्याचं नाही. मुलार्ड, टंग-सोल, जेनालेक्स गोल्ड लायन, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, ही सगळी नावं आजच्या ट्यूबांवर असतात तेव्हा ती रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. वाईट नाहीत, काही तर मला आवडतात, आतली रचना पण वेगवेगळी असते, पण नाव वाचून १९६०ची ट्यूब घेतली असं समजू नका. जेजे स्लोव्हाकियातली, स्वतःच्या कारखान्यातली. चीनमधल्या पण येतात, वेगवेगळे विक्रेते त्याच ट्यूबेवर आपापलं नाव छापतात.

खरी जुनी असेल तर डब्यावर जाऊ नका, डबा आजही छापून मिळतो. आणि काचेवरची पांढरी छपाई बोटाने पण पुसते, तुमच्याच ट्यूबेचं बघा ना. जुन्या मुलार्डला काचेत खाली बुडाजवळ बारीक राखाडी कोरलेला दोन ओळींचा कोड असतो, खालची ओळ बी अक्षराने सुरू झाली तर ब्लॅकबर्न. जर्मन टेलिफुंकेनला बुडाच्या काचेत पिनांच्या मधोमध छोटा हिरा दाबलेला असतो, तो छापलेला नसतो, नखाला लागतो. वर काचेच्या आतला आरशासारखा चकचकीत डाग चांदीसारखा पाहिजे, दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेलीय, ती ट्यूब संपली.

आणि जुनी, डब्यातली, न वापरलेली असली म्हणून मायक्रोफोनिक नसेल असं अजिबात नाही. मी स्वतः एक जुनी ट्यूब हौसेने घेतली होती, कोड बरोबर, सगळं बरोबर, टेस्टरवर आकडे नव्यासारखे, आणि कॉम्बोत व्ही१ला लावली की किंकाळी. ती आज माझ्या फेज इन्व्हर्टरला आहे आणि तिथे गोड चालते. त्यामुळे ज्याच्याकडून घ्याल त्याने आवाज आणि मायक्रोफोनिक दोन्ही तपासून दिलीय का हे विचारा, ते नाव विचारण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. तुमच्या कामाला मी पण ५७५१च म्हणेन.

रोजचा_गिग

ताई रेझिस्टरचं पटलं, माझ्या जुन्या अँपला हेच झालं असणार, मी तेव्हा ट्यूबाच बदलत बसलो होतो.

लाँग प्लेट, शॉर्ट प्लेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॉम्बोला व्ही१ला शॉर्ट प्लेटच घ्या. लाँग प्लेटचा आवाज मोठा-भरदार म्हणतात, असेलही, पण लांब प्लेट हादऱ्याला जास्त हलते. हेड वेगळं आणि कॅबिनेट वेगळं असेल तर लाँग प्लेटची मजा घ्या, स्पीकरच्या डोक्यावर नको.

जुना_व्हॉल्व्ह

गिगशी सहमत. फक्त एवढंच जोडतो की ५७५१ आल्यावर गेनचा नॉब जुन्या जागी ठेवून तुलना करू नको. कमी गेनची ट्यूब त्याच नॉबवर हळू वाजते, आणि हळू वाजणारं कानाला नेहमी फिकं लागतं. आधी मास्टरने दोन्ही सारख्या मोठ्या कर, मग ठरव. आणि एकट्याने वाजवून ठरवू नको, ड्रमरबरोबर बस, कारण तुला पाहिजे ते तिथेच आहे.

सहावी_तार

पंधरा-वीस दिवसांनी लिहितोय, सॉरी, काम पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पिना साफ केल्या, सांगितलं तसा काळपट थर निघाला, आणि दोन संध्याकाळी अँप एकदम शांत. मी खूश. तिसऱ्या दिवशी परत खरखर. मग दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने चॅसी उघडली आणि इन्सुलेटेड काडीने एकेक पार्ट हलकेच दाबत गेला, मी शेजारी उभा होतो. व्ही२च्या प्लेटच्या रेझिस्टरला काडी लागली आणि स्पीकरमधून तीच वाळकी पानं. ताई, तुमचं निदान तंतोतंत. काढून मीटरवर धरला तर १०० किलोओहमचा होता तो १४० दाखवत होता आणि आकडा स्थिर राहत नव्हता. नवीन लावला, सोबत व्ही२च्या सॉकेटच्या पकडी आवळून घेतल्या. सर्किट पण बघितलं, लोडलाइन म्हणाले तसंच आहे, व्ही१चे दोन्ही अर्धे एकामागोमाग आणि व्ही२चा दुसरा अर्धा कॅथोड फॉलोअर.

व्ही१ला ५७५१ घेतली, शॉर्ट प्लेट, तपासून दिलेली. पहिल्या पाच मिनिटांत निराश झालो होतो, खोटं कशाला सांगू, अँप हळू आणि सपाट वाटला. मग काकांचं वाक्य आठवलं, मास्टर वर घेतला. गेन ५वर, जोरात कॉर्ड मारली, सगळ्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. पूर्वी त्या एकमेकींत चिकटायच्या. ६च्या पुढे गेल्यावर टोकं थोडी खरबरीत होतात, आणि ती गिटारच्या नॉबने आत-बाहेर करता येतात, हे आधी या अँपवर कधी जमलंच नव्हतं. शनिवारी ड्रमरबरोबर तीन तास वाजवलं. त्याने मध्येच थांबून विचारलं, गिटार बदललीस का.

घंटावाली ट्यूब अजून व्ही३लाच आहे. व्ही१ला तात्पुरती आणलेली १२एएक्स७ सुट्टी झाली ती डब्यात ठेवलीय, वर लिहिलंय 'चांगली, व्ही२ला चालेल'. म्हणजे तीन घेणार होतो आणि एकच घेतली.

लोडलाइन

वा, मस्त! ड्रमरला ऐकू आलं म्हणजे खरंच फरक पडलाय. कधी मूड झाला तर डब्यातली १२एएक्स७ एक दिवस व्ही१ला परत लावून बघा, गेन ३वर ठेवून. काही गाण्यांना तोच फाटका आवाज लागतो आणि आता तुम्हाला दोन्ही हातात आहेत, बदलायला दहा मिनिटं. फक्त आधी थंड होऊ द्या.